जुन्या लष्करी रायफलींची सफाई आणि निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत रेंजवर जाणाऱ्या मराठी मंडळींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात ली-एनफिल्डने, त्यातही इशापूरच्या (पश्चिम बंगालमधल्या सरकारी कारखान्यातल्या) रायफलीने होते, म्हणून उदाहरणं तिथलीच जास्त आहेत. एक उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कुठलाही प्रश्न वाचा, पण हातात रायफल घेतल्यावर पहिलं काम एकच: मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) उघडा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं तिथे) नजर टाका आणि बोट घालूनही खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

1. सरप्लस रायफल म्हणजे नेमकी कोणती?

सैन्याने किंवा पोलिसांनी वापरून मोडीत काढलेली आणि मग नागरी बाजारात आलेली. ब्रिटिश साम्राज्याची ली-एनफिल्ड (आपल्याकडची ‘थ्री नॉट थ्री’), रशियाची मोसिन-नागाँ, युगोस्लाव्हियाची एम-48 माउझर, सोव्हिएत बनावटीची एसकेएस, स्वित्झर्लंडची के-31, अमेरिकेची एम-1 गॅरँड ही नेहमीची नावं. इशापूरची 2ए आणि 2ए1 ही ली-एनफिल्डचीच धाकटी भावंडं. 1962 च्या चीन युद्धानंतरच्या काळात ती 7.62 मिमी नाटो काडतुसासाठी, अधिक मजबूत पोलादात, नव्याने घडवली गेली. ‘जुनी थ्री नॉट थ्री कापून केलेली रायफल’ असं विक्रेते सांगतात, ते चूक आहे.

2. मी एच-वन-बीवर आहे. घेऊ शकतो का? आणि भारतात परत जाताना सोबत नेता येईल का?

तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे. काही अपवाद आहेत. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असणं हा त्यातला सगळ्यांत नेहमीचा. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. राज्याचे नियम वेगळे असतात, त्यामुळे आधी वकिलाला विचारा, मित्राला नाही.

भारतात नेण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. .303 आणि 7.62 हे दोन्ही तिथे निषिद्ध बोअर (नळीची आतली मापं) आहेत. भारतातल्या परवानाधारकांकडे दिसते ती .315 ची रायफल. तिची यंत्रणा ली-एनफिल्डवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे प्रश्न 9, 10 आणि 18 त्यांच्याही कामाचे आहेत.

3. सामान काय काय लागतं?

तुमच्या बोअरच्या मापाची एकसंध सफाईकांडी (जोडकांडीचे सांधे नळीला खरवडतात), ब्राँझचा ब्रश, सुती चिंध्या, नळी साफ करायचं साधं द्रावण, पातळ तेल, थोडं ग्रीस, जुना टूथब्रश आणि पातेलंभर उकळतं पाणी. पाणी हे मी गमतीने म्हणत नाहीये, प्रश्न 7 पाहा. स्क्रूड्रायव्हर मात्र चांगला घ्या. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ कडांच्या असतात. हार्डवेअरच्या दुकानातलं निमुळतं पातं त्यात घातलं की खाच फाटलीच म्हणून समजा. चाळीस खणांच्या ‘टॅक्टिकल’ किटची गरज नाही.

4. रायफल तपकिरी चिकट थराने माखलेली आली आहे. हा थर कशाने काढू?

तो कॉस्मोलिन किंवा तशाच जातीचा पेट्रोलियम ग्रीसचा थर. गोदामात पोलाद वर्षानुवर्षं टिकावं म्हणून लावलेला. जोर लावून खरवडू नका, तो उष्णतेने वितळतो. लोखंडी भाग वेगळे करून मिनरल स्पिरिटमध्ये भिजवा आणि टूथब्रशने घासा. मिनरल स्पिरिट नसेल तर उकळतं पाणी ओता, पण लगेच पुसून, पूर्ण कोरडं करून तेलाचा हात फिरवा, कारण ग्रीस गेल्यावर पोलाद अक्षरशः उघडं पडतं. रॉकेल उघड्यावर, ज्योतीपासून लांब, चालतं. पेट्रोल अजिबात नको.

तीन जागा हटकून राहून जातात: चेंबर, बोल्टचं पोट (काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन जिथे सरकते ती पोकळी) आणि मॅगझिनची स्प्रिंग. चेंबरमधलं ग्रीस राहिलं तर काय होतं ते प्रश्न 13 मध्ये, बोल्टमधलं राहिलं तर काय होतं ते प्रश्न 14 मध्ये.

5. लाकडातही ग्रीस मुरलंय. उन्हात ठेवलं की घाम फुटल्यासारखं वर येतं. काय करावं?

येऊ द्या, तेच हवंय. लाकूड धातूपासून वेगळं करा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घाला आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवा. अधूनमधून कागद बदला. हेअर ड्रायरने तापवून फडक्याने टिपलं तरी चालतं. हट्टी डागांवर खडूची भुकटी मिनरल स्पिरिटमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झटकून टाका. ओव्हन, डिशवॉशर वगैरे प्रयोग करणारे लोक आहेत. लाकूड तडकतं, वाकतं आणि घरात वाद होतात ते वेगळेच.

6. काडतूस ‘करोझिव्ह’ (नळी गंजवणारं) आहे हे कसं ओळखायचं? म्हणजे दारू खराब असते का?

दोष दारूचा नाही, प्राइमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या, ठोका बसताच पेटणाऱ्या टिकलीचा. जुन्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे एक मीठच, आणि ते नळीत बसतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाघळतं तसंच हेही हवेतला ओलावा ओढतं आणि नळी आतून गंजते. दमट हवेत एका रात्रीत तांबूस थर दिसू शकतो.

ओळखायचं पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) बुडावरच्या शिक्क्यावरून. .303 च्या बुडावर ‘केएफ’ आणि सालाचे दोन आकडे दिसले तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं काडतूस. त्यावर नुसता रोमन सात असेल तर आत कॉर्डाइट या जुन्या दारूच्या शेवया, सातापुढे झेड असेल तर नायट्रोसेल्युलोज दारू. दारू कुठलीही असो, जुनं खडकीचं .303 करोझिव्हच धरून चाला. पूर्व युरोपातल्या जुन्या डब्यांतल्या काडतुसांनाही तोच नियम.

अपवाद आहेत. स्विस जीपी-11 (के-31 चं काडतूस) करोझिव्ह नाही. अमेरिकेत बनलेली एम-1 कार्बाइनची लष्करी काडतुसं सुरुवातीपासूनच बिनमिठाची होती, आणि .30-06 ची अमेरिकी लष्करी काडतुसं 1950 च्या दशकाच्या सुरुवातीनंतर तशी झाली. ‘बर्डन (प्राइमरचा एक प्रकार) प्राइमर म्हणजे करोझिव्ह’ हे समीकरण मात्र खोटं आहे. जीपी-11 लाही बर्डनच प्राइमर असतो. डब्यावर विक्रेत्याने काय लिहिलंय त्याला किंमत देऊ नका. शंका आली की करोझिव्ह समजा, फार तर थोडं पाणी वाया जाईल.

7. मग अशी काडतुसं उडवल्यावर सफाई नेमकी कशी करायची?

मीठ पाण्यात विरघळतं, तेलात नाही. सगळी गोम एवढीच. नुसतं तेल मारून ठेवलेल्या रायफलींत ते मीठ तेलाखाली सुखरूप बसून राहतं. ब्रिटिश सैन्यात यासाठी खास नरसाळं मिळायचं. चेंबरच्या बाजूने ते बसवून नळीतून उकळतं पाणी सोडत.

घरी असं करा. बोल्ट काढा. नळीचं तोंड खाली, बादलीत. चेंबरमध्ये नरसाळ्याची नळी इतकी आत सरकवा की पाणी बाहेर सांडून यंत्रणेत आणि लाकडात जाणार नाही. साधारण लिटरभर उकळतं पाणी सावकाश ओता. पहिलं पाणी राखाडी येतं, कधी त्यात काळे कण दिसतात, मग ते स्वच्छ होत जातं. उकळतंच हवं, कारण त्याने नळी इतकी तापते की उरलेला ओलावा आपोआप उडून जातो. नळी फडक्यानेच धरा. कोमट पाण्याने मीठ जातं, पण ओल राहते.

लगेच दोन-तीन कोरड्या चिंध्या फिरवा. मग नेहमीचं द्रावण, ब्रश, पुन्हा चिंध्या, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिनचं टोक विसरू नका, मिठाचे वायू तिथेही पोचतात. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी फिरवून बघा. तांबूस आली तर पुन्हा पाणी.

रेंजवर पाणी उकळायची सोय नसेल तर निघण्यापूर्वी पाण्यात कालवलेल्या बॅलिस्टॉलच्या (पाण्यात मिसळणाऱ्या बंदुकीच्या तेलाच्या) चिंध्या फिरवा. घरी पोचेपर्यंत निभतं. अर्धस्वयंचलित रायफलींसाठी प्रश्न 14 आणि 15 पाहा, तिथे काम जास्त आहे.

8. काच पुसायच्या अमोनियावाल्या स्प्रेने मीठ ‘न्यूट्रल’ होतं म्हणतात?

होत नाही. ते आम्ल नाही, मीठ आहे, त्याला मारायचं काही नसतं, धुवायचं असतं. त्या स्प्रेने नळी साफ होते ती त्यातल्या पाण्यामुळे. तांबं काढायच्या तीव्र द्रावणात अमोनिया असतो तो वेगळ्या कामासाठी. ते द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नळीत ठेवू नका, आणि त्यासोबत ब्राँझचा ब्रश वापरू नका, तोच विरघळून चिंधी निळी-हिरवी येते आणि माणूस ‘अजून तांबं आहे’ म्हणून दिवसभर घासत बसतो.

9. एनसीसीत आम्ही पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) ओढायचो. तोच वापरू की कांडी?

पुलथ्रू उत्तम, पण शिस्तीत. एनसीसीत शिकवलेली मापं आठवत असतील: सफाईची चिंधी चार इंच बाय दोन, तेलाची चार बाय दीड. ती उगाच नाहीत. मोठी चिंधी अडकते, आणि अडकलेला पुलथ्रू काढताना दोरी तुटली की पुढे बंदूकदुरुस्ती करणाऱ्याचा रस्ता धरावा लागतो. वरून सळई ठोकून चिंधी आणखी घट्ट बसते.

ओढायचा चेंबरकडून तोंडाकडे, एकाच दमात, नळीच्या अगदी सरळ रेषेत. तिरका ओढला की दोरी नळीच्या तोंडाच्या कडेला घासते. वर्षानुवर्षं असं घासून तोंड एका बाजूने झिजलेल्या रायफली बाजारात भरपूर आहेत. नेमबाजीत सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, कारण गोळी नळी सोडते ती जागा हीच. विकत घेताना नळीत बघण्याआधी तोंडाची कड बघा.

कांडी वापरायची तर शक्यतो तीही चेंबरकडून घाला. गॅरँड आणि एसकेएससारख्यांना तोंडाकडूनच घालावी लागते. तिथे पितळी गाइड लावल्याशिवाय कांडीला हात लावू नका.

10. ली-एनफिल्ड पूर्ण खोलायची आहे. कुठून सुरुवात करू?

आधी विचारा, का खोलायची आहे? पुढचं लाकूड पोलादाला ठरावीक जागी टेकून बसवलेलं असतं, आणि नेम त्या बैठकीवर अवलंबून असतो. पहिल्यांदा ग्रीस काढायला एकदा खोला. नंतर दर सफाईला बोल्ट आणि मॅगझिन एवढंच पुरे.

खोलायचीच असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. नंबर 1 मार्क 3 (ली-एनफिल्डची जुनी आवृत्ती) आणि त्या घराण्यातल्या रायफलींत (2ए1 सुद्धा) कुंदा धरून ठेवणारा लांब स्क्रू (रायफलीचा बोल्ट नव्हे) कुंद्याच्या आतून पुढे येतो. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकवलेलं असतं, तो आपोआप ढिला होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड न काढता मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून तो फिरवला की चौकोन लाकडाला आतून पिरगाळतो आणि लाकूड उभं चिरतं. बाहेरून काही दिसत नाही, नुसता ‘टक्’ आवाज येतो. म्हणून आधी पुढचं लाकूड, मगच कुंदा. जोडताना उलट क्रम, आणि चौकोन सरळ बसलाय का ते बघून.

पुढचं लाकूड काढताना ते मागच्या टोकापासून समान हाताने खाली घ्या, डोलवू नका. इशापूरच्या लाकडातून आडवा गेलेला एक स्क्रू दिसेल. तो लाकूड चिरू नये म्हणून दिलेला आधार आहे, ‘कुणीतरी केलेली दुरुस्ती’ समजून काढू नका.

11. गंज काढून रायफल नव्यासारखी करायची आहे. पॉलिश पेपर किती नंबरचा घेऊ?

कुठलाच नाही. पॉलिश पेपरने गंजासोबत शिक्के, अनुक्रमांक आणि मूळ रंगही जातो, आणि संग्राहकाच्या दृष्टीने किंमतही. अगदी बारीक स्टील वूल (चार शून्यांचं) भरपूर तेलात भिजवून हलक्या हाताने फिरवा. लाल गंज सुटतो, खालचा गडद थर राहतो. भाग सुटे करून पाण्यात उकळले तर लाल गंजाचा काळा, स्थिर ऑक्साइड होतो. मग तो सुटलेला काळा थर पुसून घ्या.

इशापूरच्या पुष्कळ रायफलींवर काळा रंग लावलेला असतो. तो मूळचाच आहे. मला तो आवडत नाही, तरी मी तो काढत नाही.

12. लाकडाला कुठलं तेल? वार्निश चालेल का?

ब्रिटिश आणि भारतीय रायफलींना कच्चं अळशीचं तेल. चार थेंब तळहातावर घेऊन हाताच्या उष्णतेने चोळायचं, तासाभराने जास्तीचं पुसायचं. लाकूड चिकट राहिलं तर तेल जास्त झालं. बाजारातलं ‘बॉइल्ड’ तेल लवकर वाळतं, ते घेतलंत तर एक धोका ओळखा: त्याने ओल्या झालेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रशियन मोसिनवर अळशी नाही, शेलॅक असतं, म्हणजे लाख. ते अल्कोहोलने विरघळतं, म्हणून तिथे अल्कोहोलवालं काही लावू नका. लाकडावर खोक पडली असेल तर घासू नका. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, दबलेले तंतू वर येतात. तुटले असतील तर नाही येणार.

13. मोसिनचा बोल्ट दोन-चार बारांनंतर उघडतच नाही. तळहाताने ठोकावा लागतो.

बहुतेक वेळा चेंबरमधलं जुनं ग्रीस कारणीभूत असतं. कोरडं वाटतं, पण नळी तापली की ते मऊ होऊन पुंगळीला धरतं, लाखेचा लेप असलेल्या लोखंडी पुंगळ्यांना तर जास्तच. चेंबरच्या मापाचा मोठा ब्रश मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून फिरवा, चिंधी पांढरी येईपर्यंत. एवढं करूनही अडत असेल तर रायफल जाणकाराला दाखवा, हातोडी आणू नका.

14. एसकेएस साफ करताना विशेष काय?

फायरिंग पिन. बहुतेक एसकेएसमध्ये तिला मागे ओढणारी स्प्रिंग नसते, ती मोकळी सरकते. बोल्टमध्ये ग्रीस साचून ती पुढे अडकली तर बोल्ट बंद होताक्षणी, चापाला बोट न लावता, बार होऊ शकतो, आणि लागोपाठही. बोल्ट सुटा करून कानाजवळ हलवा. पिनचा खडखडाट ऐकू आला पाहिजे. आला नाही तर रायफल रेंजवर जाणार नाही. पिनच्या पोकळीत तेलही घालू नका.

करोझिव्ह काडतुसं वापरली असतील तर प्रश्न 7 मधली पाण्याची पायरी गॅस ट्यूब आणि पिस्टनलाही लागू. मग ते भाग कोरडे ठेवा.

15. गॅरँडला तेल की ग्रीस?

सरकणाऱ्या जागी ग्रीस: बोल्टचे कान, ऑपरेटिंग रॉडची खाच. गॅस सिलिंडर आतून कोरडा. आजची जोरकस .30-06 शिकारी काडतुसं त्यात घालू नका, रॉड वाकतो. एम-1 कार्बाइनचा गॅस पिस्टन खास पान्याशिवाय सोडवू नका, आणि सहसा सोडवायची गरजही पडत नाही.

16. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर वेगळा आहे. चालेल?

साफ करताना दोन रायफलींचे बोल्ट एकमेकांत गेले असतील तर आधी ते जागेवर करा. मुळातच वेगळे असतील तर गेजने (मापकाने) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासल्याशिवाय उडवू नका. .303 चं काडतूस कडेवर (रिमवर) टेकतं. 0.064 इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 0.074 च्या फील्ड गेजवर बंद होता कामा नये. नंबर 4 मध्ये (ली-एनफिल्डची नंतरची आवृत्ती) बोल्टची मुंडी बदलून हे जुळवता येतं, मुंड्यांवर 0 ते 3 आकडे असतात. नंबर 1 च्या मुंड्यांवर असे आकडे नसतात, तिथे बंदूकदुरुस्ती करणाराच हवा.

17. 2ए1 मध्ये .308 (7.62 नाटोसारखं नागरी काडतूस) चालतं का?

रायफल 7.62 नाटोसाठी घडवली आणि तपासली गेली आहे. दोन्ही काडतुसं बाहेरून सारखी दिसतात, पण दाबाची आणि चेंबरची मानकं एक नाहीत. माझं मत सरळ आहे: नाटो मापाचीच वापरा. काडतूस विकत घेण्याआधी रायफलीवरचा ‘7.62 एमएम’ शिक्का वाचा, कारण लांबून 2ए1 आणि .303 ची जुळी बहीण ओळखू येत नाहीत. 2ए1 चं मॅगझिन जास्त चौकोनी, आणि मागची साइट 800 मीटरपर्यंतच.

18. चाप ओढला, नुसता ‘क्लिक’. बोल्ट उघडू?

लगेच नाही. जुन्या .303 मध्ये बार उशिराने होण्याचा प्रकार नवा नाही. तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, मग चेहरा बाजूला घेऊन उघडा. एकाच डब्यात असं पुन्हा झालं तर तो डबा बाजूला ठेवा. आणि आवाज मवाळ आला, धक्का कमी लागला, तर पुढचं काडतूस घालण्याआधी नळी मोकळी आहे का ते बघा.

19. ठेवायची कशी? दर महिन्याला साफ करू का?

न उडवलेली रायफल दर महिन्याला घासायची गरज नाही. बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, बास. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कायमची ठेवू नका, दोन्ही ओल धरतात. नळीच्या तोंडाला बूच लावू नका. शक्य असेल तर तोंड खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल ओघळून कुंद्याच्या लाकडात मुरत नाही. उडवण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढा.

सफाईनंतर हात साबणाने धुवा. प्राइमरमध्ये शिसं असतं, जुन्यांत कधी पाराही. स्वयंपाकघराचं टेबल यासाठी वापरू नका.

20. इशापूरची रायफल घेतली, पण नळीत (गोळीला फिरकी देणाऱ्या) खाचाच दिसत नाहीत. इतकी झिजली का?

झिजून खाचा अशा पूर्ण नाहीशा होत नाहीत. तुमच्याकडे बहुधा .410 ची मस्केट आहे. पोलिसांसाठी इशापूरला .303 च्या रायफलींचं रूपांतर करून नळी गुळगुळीत केली जाई, आणि एका वेळी एकच काडतूस घालता यावं म्हणून मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवत. ठोकळा दिसला की शंका मिटली. (नंबर 4 मध्ये दोनच खाचा दिसल्या तर तीही झीज नव्हे, युद्धकाळात वेळ वाचवायला तशा नळ्या मुद्दाम केल्या होत्या.)

तिचं मूळ काडतूस .303 च्या पुंगळीवरून केलेलं असे, त्यामुळे दुकानातलं आजचं .410 शॉटगनचं काडतूस मूळ चेंबरमध्ये बसत नाही. बसलं तर आधीच्या मालकाने चेंबर कोरलेला आहे, आणि ते काम कसं झालंय हे तपासून घ्यायला हवं. जबरदस्तीने काही कोंबू नका. सफाईला .410 शॉटगनचा ब्रश आणि मोठ्या चिंध्या लागतील, .303 चा ब्रश त्यात नुसता सैल फिरतो.